खळ होईपर्यंत

चाकणच्या तळेगाव चौकात गाड्या तुंबल्या की मी कंपनीची बस सोडते आणि सरळ चालू लागते. पंधरा मिनिटांचा तर रस्ता! त्या दिवशीही तशीच निघाले होते. मार्च संपत आलेला, सकाळी आठलाच ऊन चटके देत होतं, आणि माझ्यापुढे एक स्प्लेंडर गोगलगायीसारखी सरकत होती. मागे एक गोणी आडवी बांधलेली. तिचा कोपरा फाटला होता आणि त्यातून तपकिरी गोळ्या टपाटप रस्त्यावर पडत होत्या.

गोणीवरची निळी पट्टी मी लांबूनच ओळखली. आमच्याच कंपनीचं माशांचं खाद्य!

"अहो! अहो, स्प्लेंडर! गोणी फाटलीय तुमची!"

त्यानं मागे वळून पाहिलं. हेल्मेटची काच वर केली. आधी सांडलेल्या गोळ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"सांडू द्या हो मॅडम," तो म्हणाला. "तसं पण मासे कुठं वाढायलेत ते खाऊन!"

आता सांगा, आपण हौसेनं केलेल्या भाजीला कुणी भर चौकात नावं ठेवली तर कसं वाटेल? ते खाद्य मी केलं होतं. म्हणजे हातानं नाही, पण कशात काय आणि किती घालायचं ते माझं. एमआयडीसीतल्या एका छोट्या खाद्य कारखान्यात मी दोन वर्षं प्रयोगशाळेत होते आणि तो माझा पहिला स्वतःचा फॉर्म्युला होता. सगळे त्याला 'पंचवीस' म्हणायचे, कारण त्यात पंचवीस टक्के स्टार्च होता... मक्याचं आणि तांदळाच्या कणीचं पीठ. माशाला अंग भरायला प्रथिनं लागतात, पण धावपळीची ताकद त्याला पिठातून मिळाली तर महागाची प्रथिनं जळत नाहीत, अंगी लागतात. शिवाय पिठामुळेच गोळी फुगते आणि पाण्यावर तरंगते. पीठ कमी पडलं तर गोळी बुडते, जास्त झालं तर माशाच्या कलेजीवर चरबी चढते आणि त्याची वाढ खुंटते. तिलापिया जातीच्या माशासाठी पंचवीस बरोबर बसतं, हे मी कारखान्यातल्या सहा टाक्यांमध्ये चार महिने घासून सिद्ध केलं होतं.

"काय म्हणालात?" मी पदर खोचायच्या तयारीत. पदर नव्हता, ओढणी होती, तीच खोचली.

"वाढनात म्हणलं मासे. मोशीला जुन्या दगडखाणीत पिंजरे टाकलेत मी. सहा आठवडे झाले. खातात मस्त, पण वाढायचं नावच न्हाई."

"नाव काय तुमचं?"

"गणराज. तुमचं?"

"मिनल. आणि तुम्ही जे रस्त्यावर सांडत चाललाय ना... ते मी बनवलंय."

त्यानं गाडी स्टँडला लावली, खाली उकिडवा बसला आणि एकेक गोळी उचलून हेल्मेटमध्ये टाकायला लागला. भर चौकात!

"हे काय करताय?"

"बनवणारी समोर उभी हाय म्हणल्यावर सांडून कसं जावं?" मान वर करून हसला तो. मला राग आला होता, हे मी इथे नमूद करते. पण बघता बघता मीही खाली बसले आणि गोळ्या वेचायला लागले. मागच्या कंटेनरवाल्यानं हॉर्नवर हात दाबून धरला. खिडकीतून डोकं काढून ओरडला, "शादी बाद में कर लेना भाई, पहले गाड़ी हटाओ!"

मी जी तडक उठले, ते कंपनीच्या गेटपाशीच थांबले.

आत गेल्या गेल्या उद्धवरावांनी बोलावलं. उद्धवराव म्हणजे आमचे कारखाना प्रमुख. माणूस वाईट नाही, पण बोलणं करवतीसारखं.

"मिनल, तीन ठिकाणांहून तक्रार आलीय. मासे वाढत नाहीत. स्टार्च जास्त झाला तुझा. पंचवीस बंद करतोय मी."

"सर, टाक्यांमध्ये किती छान..."

"टाक्यांपाशी तू उभी होतीस गं. गिऱ्हाइकाच्या तळ्यात कोण उभं राहणार?" त्यांनी चष्मा काढला. "पंधरा जूनपर्यंत मुदत देतो. एक ठिकाण निवड, जा, मोज, काय बिघडलंय ते शोध. मासे वाढले तर फॉर्म्युला राहील. नाही वाढले तर फॉर्म्युले करणं सोडायचं आणि स्टोअरला बसायचं."

स्टोअरला! मी! काळेवाडीच्या इस्त्रीच्या टपरीत, गरम कोळशाच्या वासात अभ्यास करून मत्स्यशास्त्रात एमएस्सी झालेली आमच्या गल्लीतली मी पहिली. माझ्या आईनं, सरूबाईनं, कपड्यांना खळ घालून घालून बोटं सोलवटून घेतली, ती काय मी गोण्यांच्या थप्प्या सांभाळाव्यात म्हणून? हॅट्! मी ठिकाण निवडलं... मोशीची दगडखाण. का, ते विचारू नका. जवळ पडते म्हणून.

खाण बघून मात्र मी सगळा तोरा विसरले. चारी बाजूंनी काळ्या दगडाच्या उभ्या भिंती, खाली हिरवंगार खोल पाणी, आणि त्यावर निळ्या पिंपांवर तरंगणारे गणराजचे चार पिंजरे. वर रस्त्यावरून डंपर धडधडत जात, पण खाली आलं की सगळं गार, शांत.

"या, मीनल मॅडम!"

"मिनल. पहिली वेलांटी."

"मी दुसरीच देणार. मीन म्हणजे मासा न्हाई का? तुमच्या नावातच मासा हाय."

"आणि पुढचा 'ल'?"

"त्याचं बघायलोय अजून..."

मी वहीत डोकं घातलं. त्यानं जाळीत तीस मासे काढले, एकेक ताणकाट्याला लावला आणि पुन्हा पाण्यात सोडला. मासा धरायची पद्धत चांगली होती त्याची. दाबायचा नाही, नुसता हातात ठेवायचा, मग मासाही तडफडायचा नाही. सरासरी आली साठ ग्रॅम. एकशे दहा तरी हवी होती. माझा चेहरा पडला.

"तुम्ही आधी काय करायचात?" मी विषय बदलला.

"कंपनीत होतो, काँट्रॅक्टवर. गाडीच्या दारांना रबर बसवायचो. आठ वर्षं. आईबाप अंबाजोगाईकडून आले इकडं कामाला, मी इथंच मोठा झालो. एक दिवस म्हणलं, जे लावलं ते वाढताना बघायचंय राव आपल्याला. दारं काय वाढत न्हाईत."

मला हसू आलं. मग एक मासा मी कापून पाहिला आणि हसू जागच्या जागी थांबलं. कलेजी लालबुंद, चरबीचा ठिपका नाही. स्टार्च जास्त झाला असता तर ती पिवळट, तेलकट दिसायला हवी होती. म्हणजे पीठ माशाच्या अंगाला लागतच नव्हतं... पोटातून आलं तसं बाहेर जात होतं. पण का?

"आणखी एक सांगू?" गणराज म्हणाला. "निम्म्या गोळ्या तरंगतात, निम्म्या बुडतात. मी लिहून ठेवलंय."

खरंच लिहून ठेवलं होतं. तारीखवार, सुबक अक्षरात. मी त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

पुढच्या रविवारी पुन्हा गेले. ऊन असं, की दगडाला हात लावायची सोय नाही. मी तासभर पिंजऱ्याच्या फळीवर बसून पाण्याची, माशांच्या विष्ठेची तपासणी करत होते. बऱ्याच वेळानं लक्षात आलं की मला ऊन लागतच नाहीये. मान वर केली, तर गणराज माझ्या डोक्यावर छत्री धरून उभा. स्वतः पूर्ण उन्हात, शर्ट भिजून पाठीला चिकटलेला.

"कधीपासून उभे आहात?"

"तुम्ही बसल्यापासून."

"सांगायचं नाही?"

"तुम्ही मोजत होता. आकडा चुकला असता..."

मी पुन्हा मोजायला लागले. पण त्या दिवशीच्या नोंदींमध्ये दोन आकडे चुकले, हे कबूल करते.

चौदा एप्रिल जवळ आला की आमच्या टपरीत पाय ठेवायला जागा नसते. अख्ख्या काळेवाडीचे पांढरे शर्ट, पांढऱ्या साड्या जयंतीसाठी कडक खळ घालून हव्या असतात. बारा तारखेला संध्याकाळी मी आईला मदत करत होते. पातेल्यात पीठ ढवळत होते, पण डोकं खाणीत. खाणीत कुणापाशी... ते जाऊ द्या. जरा लवकरच पातेलं उतरवलं.

आईनं त्यात बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं आणि कपाळाला आठी घातली.

"मिने, कच्ची ठेवलीस व्हय गं? ही खळ न्हाई, नुसतं पीठ हाय पाण्यातलं. कापडावर बसंल, पण कापडात जाणार न्हाई."

मी जागच्या जागी उभी राहिले. कापडावर बसेल, पण कापडात जाणार नाही!

पर्समध्ये नमुन्याची पुडी होती. गोळ्या पेल्यात चुरल्या, कोमट पाणी घातलं, बोटांत चोळलं. रवाळ लागलं, चिकटपणा कसा तो नाहीच. थोड्या वेळात पेल्याच्या तळाशी पांढरं पीठ बसलं. कच्चं! स्टार्च जास्त नव्हता, शिजलाच नव्हता. वाफेत शिजून त्याची खळ झाली तरच गोळी फुगते आणि तरच तो माशाला नीट पचतो. टपरीत लहानाची मोठी झाले मी, आणि मला इतके दिवस हे कळू नये!

"आई, तू ग्रेट आहेस!" मी तिला मिठीच मारली.

"बाजूला हो, इस्त्री तापलीय," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी थेट मशीनवर. तिथे उत्तर प्रदेशातल्या बलियाचे एक चाचा होते, दहा वर्षांचे जुने ऑपरेटर, मन लावून काम करणारे. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, "चाचा, वाफ लवकर बंद करता का तुम्ही?"

चाचांनी शांतपणे भिंतीवरचा कागद दाखवला. प्लास्टिकमध्ये घातलेला, माझ्या मोत्यासारख्या अक्षरातला, खाली माझी लफ्फेदार सही. त्यात लिहिलं होतं, 'खळ होईपर्यंत वाफ चालू ठेवा.'

"आपने ही तो लिखा है मैडम. खल होने तक भाप. तो पहले खल डालते हैं, वो हो जाती है, भाप बंद. फिर आटा।"

"खल म्हणजे?"

त्यांनी पेंडीच्या पोत्यावर थाप मारली. "ये. सोयाबीन की खल।"

आमच्या काळेवाडीत खळ म्हणजे कपड्याची. त्यांच्या गावात खल म्हणजे पेंड. त्यांनी माझा शब्द अगदी इमानदारीनं पाळला होता. पेंड वाफवायची, वाफ बंद करायची आणि मग पीठ कच्चंच टाकायचं. टाक्यांसाठीचा माल करताना मी स्वतः मशीनपाशी उभी होते, म्हणून तो तेवढा शिजला.

चूक माझी होती. एका शब्दाची, पण माझी. आणि खरं सांगते, त्या वेळी मनात एक गोष्ट येऊन गेली. कागद काढून टाकायचा, दुसरा लावायचा. 'मशीनवर वाफ कमी दिली गेली' असं लिहायचं. चाचांना बोलणी बसली असती, माझा फॉर्म्युला बिनडाग राहिला असता. कोण विचारणार होतं?

मी कागद काढला आणि उद्धवरावांच्या टेबलावर नेऊन ठेवला. "सर, चाचांची काही चूक नाही. चूक माझी आहे."

उद्धवरावांनी दोनदा वाचलं. "खळ..." ते पुटपुटले. मग म्हणाले, "मुदत पंधरा जूनच राहील. एक दिवस वाढवून मिळणार नाही. आणि त्या खाणीवाल्याला हे तू सांगायचंस. मी नाही."

चौदा तारखेला सकाळी पप्पांबरोबर अभिवादन करून आले आणि दुपारी तशीच खाणीवर गेले. पांढरी साडी, आईनं घातलेली कडक खळ, पायऱ्या उतरताना निऱ्या करकर वाजत होत्या. गणराज पिंपाची दोरी बांधत होता. मला बघून त्याच्या हातातली दोरी सुटली.

"मॅडम, आज तुम्ही..."

"आधी ऐका." आणि मी सगळं सांगितलं. कागद, शब्द, चाचा, कच्चं पीठ. "तुमचे आठ आठवडे माझ्यामुळे वाया गेले."

त्यानं सुटलेली दोरी उचलली आणि पिंपाला करकचून गाठ मारली. राग आला असणार. यायलाच हवा होता.

"हे तुम्ही न सांगता मला कधी कळलं असतं का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग?"

"मग काय? खोटं बोलणार नाही, असं रोज म्हणतो आम्ही घरी, पंचशीलात. ते काय नुसतं म्हणायला?" माझा आवाज चढला. डोळे भरून आले होते आणि ते त्याला दिसू नयेत म्हणून मी हनुवटी वर केली होती. "खोटं बोलून मिळालेला मोठेपणा मला नकोय. मी परत माल करीन. पिठाची खळ होईपर्यंत तिथून हलणार नाही. तुम्हाला विश्वास असेल तर खाऊ घाला, नसेल तर..."

"खळ म्हणजे ती कपड्याची. बरं." तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, गालावर पडते ती."

"ती खळी!"

"तीच. तुम्हाला पडते. रागावल्यावर न्हाई पडत. आत्ता... ही बघा, पडली."

मी वळले आणि पायऱ्या चढायला लागले. हसू आवरेना, आणि कडक साडीत भरभर चढताही येईना!

नवा कागद मी आणि चाचांनी मिळून लिहिला, दोन्ही भाषांत. पीठ पारदर्शक, चिकट होऊन बोटाला तार सुटेपर्यंत वाफ. पहिला घाणा निघाला तेव्हा चाचांनी स्वतः एक गोळी चोळून दाखवली. "अब बनी आपकी खळ," ते म्हणाले, आणि 'ळ' अगदी जोर लावून म्हणाले.

नवं खाद्य खाणीवर गेलं. एकही गोळी बुडाली नाही. मग रोज सकाळी मला मोबाइलवर एका माशाचा फोटो यायचा. खाली मजकूर: 'शुभ सकाळ. वाढायलोय.' रविवारी मी जायची. मासे मोजायचो, डबा खायचो, भांडायचोही. 'मॅडम' कधी गळून पडलं आणि 'तू' कधी आलं, याची नोंद माझ्या वहीत नाही. पण कामाच्या पलीकडचा शब्द दोघांपैकी कुणी काढत नव्हतं. मला वाटायचं, त्यानं काढावा. तो बहुतेक पंधरा जूनची वाट बघत होता. माझ्यासारखीच.

पंधरा जूनला उद्धवराव स्वतः आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून फळीवर उभे राहिले. गणराज एकेक मासा काट्याला लावत होता, मी लिहीत होते. एकशे नव्वद. दोनशे वीस. दोनशे पाच. तिसाव्या माशानंतर मी सरासरी काढली. पुन्हा काढली.

"दोनशे आठ, सर."

उद्धवरावांनी वही माझ्या हातातून घेतली आणि स्वतः बेरीज केली. मग वही मिटली.

"पंचवीस चालू," ते म्हणाले. "आणि गोणीवर छापायचं, फॉर्म्युला कुणाचा ते. पूर्ण नाव सांग."

"मिनल साहेबराव ओव्हाळ." पप्पांनी पिंपरीच्या फाउंड्रीत तीस वर्षं लोखंड ओतलं. हजारो गाड्यांमध्ये त्यांच्या हातचे भाग फिरतायत, आणि एकावरही त्यांचं नाव नाही. आता गोणीगोणीवर असणार होतं. मी पाण्याकडे तोंड करून मनसोक्त रडले, आणि कुणाला दिसतंय याची पर्वा केली नाही.

"रडून झालं की अहवाल पूर्ण कर," उद्धवराव म्हणाले. "शेतकऱ्याचा शेरा आणि सही घे. मी वर गाडीत बसतो."

अहवालाचा कागद मी गणराजला दिला. तो दगडावर बसून लिहायला लागला. लिहिता लिहिता थांबायचा, पेन चावायचा, पुन्हा लिहायचा. 'मासे वाढले' एवढं लिहायला किती वेळ?

"झालं का?"

"झालं... वाच."

मी वाचलं. सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'खाद्य तरंगते. मासे उत्तम वाढले. खाद्य करणारी हुशार तर आहेच, पण स्वतःची चूक स्वतः येऊन सांगते. मला तिचा अभिमान वाटतो. हिच्याशी लग्न करण्याची इच्छा आहे. हरकत असल्यास कळवावे. – गणराज.'

कानात डंपर धडधडायला लागले. का ते माझं काळीज होतं?

"अरे, हा कंपनीचा अहवाल आहे!"

"म्हणूनच. नंतर मला फिरता येणार न्हाई."

"आमच्याकडे लग्न बुद्धवंदनेनं होतं. तुझ्या घरी..."

"आईला एप्रिलमधीच सांगितलं. तू पांढरी साडी नेसून आली होतीस, त्याच दिवशी. म्हणली, पोरगी हो म्हणंल का ते बघ आधी, बाकीचं मी बघते." तो उभा राहिला. माझ्याकडे न बघता, पाण्याकडे बघत म्हणाला, "घाई न्हाई. तू विचार कर... मी थांबतो."

वरून उद्धवरावांची हाक आली, "मिनल! शेऱ्यात काही खाडाखोड असेल तर नवा कागद घे गं. हा थेट मालकांच्या टेबलावर जाणार आहे!"

शेऱ्याच्या खाली आणखी एक रकाना होता, तांत्रिक अभिप्रायाचा. तो मी भरायचा होता. गणराजच्या हातातून पेन घेतलं, दगडावर कागद ठेवला आणि लिहिलं: 'वरील शेरा वाचला. मान्य आहे.' खाली पूर्ण नाव घालून लफ्फेदार सही ठोकली.

"नवा कागद नको सर!" मी खालूनच ओरडले. "आहे तोच पाठवायचाय!"